आईची बाकीची मुलं

मार्च लागला की मला अजूनही त्या मुलांचा हेवा वाटतो. आई जाऊन दोन वर्षं होत आली, ती मुलं पन्नाशी ओलांडून गेली, मलाही आता चष्म्याशिवाय पेपर वाचता येत नाही. पण दुपारचा वारा तापायला लागला, मोहोर गळून त्याचा भुगा गॅलरीच्या कोपऱ्यात साचला, खालच्या मजल्यावरून कुणीतरी पाठ केलेलं उत्तर मोठ्यानं घोकायला लागलं, की तो हेवा पुन्हा जागा होतो. लोक म्हणतात, परीक्षेची धास्ती जन्मभर जात नाही. माझी ती धास्ती नव्हे. पेपर मला कधीच अवघड गेले नाहीत, आणि सगळं बिनसलं ते तिथंच.

आम्ही तेव्हा कळंबोलीला राहायचो. नव्वदीची सुरुवात असेल. वसाहतीतल्या इमारती नव्या होत्या आणि झाडं माझ्या खांद्याएवढी होती. रस्त्यापलीकडे लोखंडबाजार. दिवसभर ट्रेलरवरून सळया उतरवल्याचा खणखणाट चालायचा. पहिले काही महिने आम्ही दचकायचो, मग तो थांबला की दचकायला लागलो. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत तांबूस धूळ बसायची. आई म्हणायची, या गावात पांढरं घालायचं ते लग्नाला, तेही दुसऱ्या गावच्या. त्या गंजाच्या वासात मार्च महिन्यात दुसरा एक वास मिसळायचा. नेरे गावाकडच्या बाया टोपल्यांतून कैऱ्या आणायच्या, त्यांच्या देठाच्या चिकाचा. गंज आणि कैरीचा चीक. माझ्या दहावीच्या वर्षाला तोच वास आहे.

आई गणित शिकवायची. तिच्या शाळेतून दोनदा नापास होऊन गेलेला एक मुलगा आदल्या पावसाळ्यात ट्रेलरच्या तळामागे भोसकलेला सापडला. बाजारात दोन टोळ्या होत्या. चालत्या ट्रेलरवरून सळया खाली टाकणं, ड्रायव्हरांकडून हप्ता गोळा करणं, पोलिसाची गाडी दिसली की शिट्टी मारणं, या कामांना त्यांना पोरं लागायची. आजूबाजूच्या गावांच्या शेतजमिनी नव्या शहरात गेलेल्या, शाळेत नापासाचा शिक्का बसलेला, त्यामुळे पोरांचा तोटा नव्हता. आई त्या मुलाच्या घरी जाऊन आली.  आल्यावर बाबांना म्हणाली, "नापास झालेल्या मुलाला आपण शाळेच्या फाटकाबाहेर सोडतो. फाटकाबाहेर कोण उभं असतं, ते बघायला कुणी जात नाही."

दिवाळीनंतर वसाहतीच्या समाजमंदिरात तिचा संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. बाहेरून दहावीला बसणाऱ्या मुलांचा. महिला मंडळातल्या दोघी मराठी आणि इतिहास घ्यायच्या, एक निवृत्त हवालदार कवायत करवून घ्यायचे आणि बाकी वेळ दाराशी खुर्ची टाकून बसायचे. लोकांनी विरोध केला. ही चोरटी पोरं वसाहतीत शिरली तर सायकली राहायच्या नाहीत, असं म्हणाले. आई म्हणाली, "सायकली राहतील. पोरंच राहतात का ते बघायचंय."

मला त्या वर्गाचा अभिमान वाटायला हवा होता. मैत्रिणींच्या आया माझ्याकडे बघून म्हणायच्याही, तुझी आई म्हणजे कमाल आहे. मी मान डोलवायची. पण संध्याकाळी दूध आणायच्या निमित्तानं समाजमंदिराच्या खिडकीखाली उभी राहायची आणि आतला आईचा आवाज ऐकायची. तो आवाज आमच्या घरात नव्हता. घरातली आई थकलेली असायची, थोडक्यात बोलायची. "झालं का?" "ठेव तिथं." "अक्षर नीट काढ." समाजमंदिरातली आई हसायची. कुणी एक समीकरण सोडवलं की टाळी वाजवायची. चुकलं तर म्हणायची, "अरे वा, चुकलास तरी योग्य जागी चुकलास, आता इथून पुढे चल." मला ती कधी असं म्हणाली नव्हती. कारण मी चुकत नव्हते. काकड्या सोलून, तिखटमीठ लावून ती मुलांसाठी डबा भरायची. त्यातली उरली तर मला मिळायची.

एकदा धीर करून मी आत गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. आईनं फळ्यावरून मान वळवली, मला पाहिलं आणि सगळ्यांदेखत सरळ म्हणाली, "मेधा, घरी जा. तुला येतं हे सगळं." पोरं वळून बघायला लागली. त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल आदर होता. तोच मला झोंबला. घरी जाताना मी पहिल्यांदा मनाशी म्हटलं, आपल्याला काहीच आलं नसतं तर किती बरं झालं असतं.

त्या मुलांत एक हरेश होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. जवळच्याच गावातला. वडील नव्हते. आई खाडीची मासळी विकायची. तीच एक दिवस पाटी डोक्यावर घेऊन शाळेच्या फाटकाशी बसून राहिली आणि शाळा सुटल्यावर माझ्या आईला म्हणाली, "बाई, माझा पोर तुमच्या वर्गान घ्या. बाजारवाले त्याला घड्याल देतान, गाडीवर फिरवतान. मी काय देवू?" हरेश आला तेव्हा ते घड्याळ हातात होतं. तळहातांवर सळयांचे ओरखडे. बसायचा खिडकीजवळ, म्हणजे मी बाहेर उभी असले की त्याचं डोकं मला अगदी जवळ दिसायचं. सुरुवातीला तो आईशी वाद घालायचा.

"बाई, पास झालू तरी काय? मना कोन इचारनार हाय?"

"मी विचारीन," आई म्हणायची. "रोज विचारीन. वैताग येईल तुला."

आणि ती खरंच विचारायची. काय जेवलास, कुठे होतास, किती गणितं केलीस, डोळे लाल का आहेत. हरेश आधी तोंड फिरवायचा, मग उत्तर द्यायला लागला, मग तिनं विचारायच्या आधीच सांगायला लागला. नाताळानंतर कधीतरी त्याच्या मनगटावरचं घड्याळ गेलं. त्या रात्री जेवताना आई बाबांना तेच सांगत होती, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मी ताटातून मान वर केली नाही. त्याच दिवशी माझा सराव परीक्षेचा निकाल लागला होता. मी वर्गात पहिली होते. ते तिनं ऐकलं होतं, "छान" म्हणाली होती आणि आमटीत मीठ बघायला वळली होती. मला तिचा राग आला नाही, हरेशचा आला. त्यानं एक घड्याळ काढून ठेवलं आणि माझ्या आईचं अख्खं लक्ष घेऊन गेला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास आई त्याला घरी घेऊन आली. त्याच्या हातात कपड्यांची पिशवी होती. आईनं बाबांना आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात काय झालं ते सांगितलं. बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याला मारहाण झाली होती, माणूस इस्पितळात होता. टोळीच्या दादाला, ज्याला बाजारात शेठ म्हणायचे, पोलिसांपुढे एक नाव हवं होतं. हरेशनं चौकीत जाऊन म्हणायचं, मी मारलं. वय कमी, तेव्हा थोडक्यात सुटेल आणि तोवर त्याच्या आईचं घर ते सांभाळतील. हरेश त्या मारहाणीत नव्हताच. पण दादानं बोलावलं तर नाही म्हणायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं.

"परीक्षा होईपर्यंत तो इथे राहील," आई म्हणाली. "मेधा, तुझी खोली त्याला लागेल."

माझी खोली म्हणजे बंद केलेली बाल्कनी. तिथं माझं टेबल होतं, भिंतीवर मी चिकटवलेली सूत्रं होती. बाबा बँकेत होते आणि फार बोलणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "हिचीही परीक्षा उद्यापासूनच आहे ना?"

"हिचं काय, ही कुठेही बसून करेल."

हे आई कौतुकानं म्हणाली असेल. आज मी ते कौतुकच धरते. त्या दिवशी मी माझी पुस्तकं उचलली आणि सिलिंडरशेजारी पाट टाकून बसले. बाल्कनीतून आईचा आवाज येत होता. माझ्या टेबलाशी बसून ती त्याची उजळणी घेत होती, माझ्या भिंतीवरची सूत्रं त्याला दाखवत होती. "हे बघ, मेधानं किती सोपं करून लिहिलंय." मी कणकेच्या डब्याला टेकून इतिहास वाचत होते आणि एकही ओळ डोक्यात शिरत नव्हती.

हरेश घरात पाहुण्यासारखा वागायचा. स्वतःचं ताट घासायचा, बाबांची चप्पल दिसली की सरळ करून ठेवायचा. एकदा मला म्हणाला, "मेधाताय, तुमची जागा मी घेतली. मना बरा नाय वाटत." मी म्हटलं, "चालतं." त्यानं उर्मटपणा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

बीजगणिताच्या आधी मधे सुट्टी होती. त्या दिवशी दारावर टकटक झाली. आई तांदूळ निवडत होती. दारात पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस होता, तिशीचा, केस नीट विंचरलेले. चपला बाहेर काढून आत आला. पाणी मागितलं. आईनं दिलं. त्यानं ते सावकाश पिऊन पेला जागेवर ठेवला.

"हरेश इथं आहे ना बाई?"

मला वाटलं, आई नाही म्हणेल. आई म्हणाली, "आहे."

"त्याला घेऊन जायचं होतं. शेठनी बोलावलंय."

"उद्या त्याचा बीजगणिताचा पेपर आहे."

"पेपर काय, पुढच्या वर्षी पण होतात." तो हसला. मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यानं पाहिलं. "तुमची मुलगीपण दहावीलाच ना? सेंटर पनवेलला आलंय वाटतं. एसटीनं जाते."

आईचा हात सुपात थांबला. खाली रस्त्यावर ट्रेलर वळण घेत होता, त्याची सळी जमिनीवर घासत गेल्याचा आवाज आला. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. आता ती म्हणेल, घेऊन जा. आता तिला निवडावं लागेल, आणि ती मला निवडेल. मला तो माणूस भीतीदायक वाटत होता, आणि तरीही त्या क्षणी माझ्या मनात जवळजवळ आनंद होता.

आई म्हणाली, "हो, तिचाही उद्या बीजगणितच आहे. दोघांचाही अभ्यास मीच घेतलाय."

माझा अभ्यास तिनं कधीच घेतला नव्हता.

"तुमच्या शेठना सांगा," ती पुढे म्हणाली, "परीक्षा संपली की मी स्वतः येते बोलायला. तोवर या घरातल्या कुठल्याही मुलाला हात लागला तर हरेशची आई आणि खाडीवरच्या तिच्या सगळ्या बाया घेऊन येईन. त्या माझ्यासारख्या हळू बोलत नाहीत."

 तो माणूस उठला, चपला घातल्या आणि जिना उतरला. आईनं दार लावलं, कडी घातली आणि कडीवरचा हात काढलाच नाही.  बाल्कनीचं दार उघडून हरेश बाहेर आला. म्हणाला, "बाई, मी जातू. तुमच्या पोरीला..." आणि आई रडली. त्याला जवळ घेऊन रडली. मी स्वयंपाकघराच्या दारातच होते. तिनं एक हात माझ्याकडेही केला होता, पण मी गेले नाही. मधे तो होता.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी रजा काढली. बाबा माझ्याबरोबर पनवेलला यायचे, आई हरेशला घेऊन त्याच्या केंद्रावर जायची. एसटीत मी खिडकीशी आणि बाबा शेजारी. वाटेत त्यांनी विचारलं, "रागावलीस?"

"आई माझ्याबरोबर का नाही आली?"

बाबा म्हणाले, "तुझ्याबरोबर यायला मी आहे. त्याच्याबरोबर कोण आहे?"

हिशेबाला ते बरोबरच होतं. आमच्या घरी सगळे हिशेब बरोबर असायचे. मी पेपर पूर्ण लिहिला, पुरवण्या जोडल्या, आणि सुटल्यावर बाबांनी मला फाटकाशी उसाचा रस पाजला. रस्त्यापलीकडे एका मुलीची आई तिच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत होती. मी रस संपेपर्यंत तिकडेच बघत राहिले.

परीक्षा संपल्यावर आई खरंच बाजारात गेली. हरेशची आई, महिला मंडळ, कोळणी, हवालदार, सगळे मिळून दादाच्या कचेरीसमोर वजनकाट्याजवळ बसले. मोठं भांडण झालं नाही. दादा बाहेर आला, नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, आता गरज नाही. दुसरा मिळाला." तो दुसरा आईच्या वर्गातलाच होता. गणपत. माघ महिन्यात वर्गाला यायचा बंद झालेला. आई दोनदा त्याच्या घरी गेली होती, तिसऱ्यांदा जायचं राहिलं कारण तेव्हा ती हरेशच्या मागे होती. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. गॅलरीत बसून राहिली, बाजाराकडे तोंड करून. मी ताट घेऊन गेले, तर म्हणाली, "गणपतची भूमिती चांगली होती गं." मला वाटलं होतं, परीक्षा संपली, हरेश आपल्या घरी गेला, आता माझी पाळी. आईच्या दारातली रांग माझ्या समजुतीपेक्षा बरीच लांब होती.

जूनमध्ये निकाल लागला. मी शाळेत दुसरी आले. हरेश पास झाला, गणितात काठावर. आईनं पेढे आणले आणि जिन्यातल्या प्रत्येक दारावर जाऊन सांगितलं, "हरेश पास झाला." मग थोडं थांबून, "आणि मेधाही."

त्या 'आणि'वर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. पुण्याला गेले, नोकरी, संसार सगळं पुण्यातच झालं. आई फोनवर विचारायची, "बरी आहेस ना?" आणि मी बरी आहे म्हटलं की मुलांच्या बातम्या सुरू. हरेशनं आयटीआय केलं. हरेश क्रेन दुरुस्तीच्या कारखान्यात लागला. आता वर्गात हरेशच शिकवायला येतो. गणपतही सुटून आला, तोही एकदा पेढे घेऊन भेटून गेला. शेवटच्या आजारपणात तिला इस्पितळात नेणारा, आणणारा हरेशच होता. मी पोचले तेव्हा नर्स मला म्हणाली, "तुमचे भाऊ आत्ताच खाली गेलेत." मी तिची चूक दुरुस्त केली नाही. खांदा देतानाही पुढे तोच होता. लोक हळहळले, म्हणाले, बाईंनी केवढी माणसं जोडली. मी बाबांचा हात धरून मागे उभी होते, आणि आईच्या तिरडीमागे चालतानाही माझ्या मनात दुःखाच्या कडेनं तेच जुनं काहीतरी चालत होतं.

या मार्चमध्ये बाबांकडे राहायला आले होते. संध्याकाळी पाय आपोआप समाजमंदिराकडे वळले. झाडं आता चौथ्या मजल्याच्या वर गेली आहेत. वर्ग चालू होता. आत हरेश फळ्याजवळ उभा, केस पांढरे, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. समोर पोरं. आताची पोरं वेगळी दिसतात, हातात मोबाइल असतात; फाटकाबाहेर उभी राहणारी माणसं तशीच असतात, असं बाबा म्हणतात. कुणाचं तरी गणित सुटलं असावं, कारण हरेश मोठ्यानं हसला आणि त्यानं टाळी वाजवली.

पायरीवर एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, मांडीवर भूमितीचं पुस्तक. हसण्याचा आवाज आला तशी तिनं दाराकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावरचा भाव मला आरशात बघितल्यासारखा ओळखीचा होता.

"पप्पांना भेटायचंय का?" तिनं विचारलं. "वेळ लागेल त्यांना."

"तू हरेशची मुलगी? दहावीला?"

"हो."

"अभ्यास कोण घेतं तुझा?"

"मला येतं सगळं," ती म्हणाली. मग पुस्तकाचं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. "एक प्रमेय नाही येत फक्त."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. प्रमेय साधंच होतं. मी कागदावर त्रिकोण काढला आणि पहिल्यापासून सांगायला लागले, सावकाश. एका पायरीचं कारण मला आठवेना. मी थांबले, तर ती चटकन बोलून गेली, "व्युत्क्रम कोन, म्हणून." आणि तिनं ओठ मिटून घेतले. कानापर्यंत लाल झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

आत हरेश दुसऱ्या कुणालातरी म्हणत होता, चुकलास तरी हरकत नाही. मी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा त्रिकोण काढायला घेतला.

"गडबडीत सांगितलं मी," मी म्हटलं. "थांब, परत सुरुवातीपासून सांगते."

ती जवळ सरकून बसली.